फुप्फुसांतील रक्तदाब आणि पेप्टाइडांचे उपचार

रक्तदाब हा शब्द आतां शहरांतील बहुतेक घरांत शिरला आहे. दंडाला पट्टा गुंडाळून दाब मोजण्याचें यंत्र कित्येक कुटुंबांत औषधांच्या पेटीशेजारींच ठेवलेलें असतें, आणि वडीलधाऱ्या मंडळींचा दाब आज किती भरला याची चौकशी जेवणाच्या पानावरही होते. परंतु या पट्ट्यास जो दाब समजतो तो शरीरांतील एकाच फेऱ्याचा दाब होय. हृदयाकडून फुप्फुसांकडे जाणाऱ्या वाहिन्यांत रक्ताचा दुसरा एक दाब अहोरात्र चालूं असतो. तो वाढला तरी दंडावरचा पट्टा कांहींच बोलत नाहीं. माणसाला धाप लागते, पाय सुजतात, जिना चढतांना डोळ्यांपुढें अंधारी येते. आणि घरचीं माणसें म्हणतात कीं अशक्तपणा आहे, रक्त कमी आहे, किंवा दमा असेल. हा दुसरा दाब कसा वाढतो, आणि तो वाढूंच नये म्हणून पेप्टाइड नांवाच्या सूक्ष्म द्रव्यांच्या साहाय्यानें कोणते प्रयोग झाले, याची थोडी माहिती श्रोत्यांपुढें ठेवावयाची आहे. नाशिक जिल्ह्याशीं या विषयाचा जो संबंध पोंचतो तोही ओघानें येईल.

हृदय म्हणजे एका भिंतीस पाठ लावून चालणारे दोन पंप होत. डावा पंप शुद्ध रक्त सर्व शरीराला पोंचवितो. उजवा पंप परत आलेलें रक्त फुप्फुसांत धाडतो. दोन्ही पंपांतून रक्त सारखेंच जातें. मनुष्य स्वस्थ बसला असतां तें दर मिनिटास सुमारें पांच लिटर असतें. पण दोघांना लागणाऱ्या जोरांत मोठा फरक आहे. डाव्या पंपास मस्तकापासून पायाच्या बोटांपर्यंत रक्त न्यावयाचें असल्यामुळें तेथें सरासरी दाब पाऱ्याच्या सुमारें ९० मिलिमीटर लागतो. उजव्या पंपाचें काम शेजारच्या घरीं विरजणाची वाटी पोंचविण्याइतकें जवळचें आहे. फुप्फुसांतील वाहिन्या पातळ भिंतींच्या व लवचिक असतात. त्यामुळें तेथें सरासरी १४ मिलिमीटरांच्या आसपासचा दाब पुरतो. विसांव्याच्या वेळीं हा सरासरी दाब २० मिलिमीटरांच्या वर गेला कीं त्यास फुप्फुसीय उच्च रक्तदाब म्हणावें, असें युरोपांतील हृदयरोग व श्वसनरोग तज्ज्ञांच्या संस्थांनीं सन २०२२ मध्यें ठरविलें. त्यापूर्वीं २५ ही मर्यादा धरीत असत.

कालव्याच्या पाण्यावर शेत भिजवितांना ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस पुढची गोष्ट सहज उमगेल. पाट रुंद व स्वच्छ असेल तोंवर पाणी आपल्या ओघानें वाफ्यांत उतरतें. पाटांत गाळ सांचला, कडेला गवत माजलें, कीं तेवढेंच पाणी पुढें नेण्यास मागून जोर लागतो, आणि अखेर पाट मागल्या अंगास फुटतो. फुप्फुसांतील बारीक धमन्यांचें असेंच होतें. प्रथम त्यांच्या भिंतींतील स्नायु आवळून राहतात. पुढें भिंतींतील पेशी वाढूं लागतात; भिंत जाड होते व आंतील वाट अरुंद होते. उजवा पंप हलक्या कामासाठीं घडलेला असतो. तो कांहीं काळ अधिक जोर लावतो, मग पसरट होतो आणि शेवटीं थकतो. पाटांतील गाळ कुदळीनें काढतां येतो. धमनीची भिंत एकदां पुरती जाड झाली म्हणजे मात्र ती पूर्ववत् करणें फार कठिण. या रोगांत उपचारापेक्षां प्रतिबंधाला जें महत्त्व आहे तें याच कारणामुळें.

हा एक स्वतंत्र रोग नव्हे. अनेक रोगांचें तें समान फळ आहे. लहानपणीं घसा सुजून त्यामागून येणाऱ्या संधिवाताच्या तापानें हृदयाची झडप आकसली, तर रक्त मागें तुंबून फुप्फुसांतील दाब वाढतो. हृदयाच्या पडद्याला जन्मतः मोठें छिद्र असलें व तें वेळीं बुजविलें नाहीं, तर फुप्फुसांवर वर्षानुवर्षें अधिक रक्ताचा मारा होऊन तोच परिणाम होतो. चुलीच्या किंवा तंबाखूच्या धुरानें फुप्फुसें खराब होणें आणि रक्ताच्या गुठळ्या फुप्फुसांत अडकणें, हींही कारणें आहेत. प्राणवायूची उणीव हें आणखी एक. सन १९४६ मध्यें स्वीडनमधील फॉन ऑयलर व लिल्येस्ट्रांड यांनीं मांजरांवर प्रयोग करून दाखविलें कीं, श्वासांतील प्राणवायु घटला कीं फुप्फुसांतील वाहिन्या आवळतात. भारतीय डॉक्टरांनीं सन १९९० मध्यें प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत, ५,८०० ते ६,७०० मीटर उंचीवर कित्येक आठवडे राहिलेल्या जवानांची हकीकत आहे. त्यांचें उजवें हृदय थकून अंगावर सूज आली होती. आणि खालीं आणल्यावर ती उतरली. शेवटीं कांहीं थोडे रोगी असेही असतात, कीं ज्यांच्यांत बाहेरचें कोणतेंच कारण सांपडत नाहीं. त्यांत स्त्रियांचें प्रमाण अधिक. अशांपैकीं कित्येकांत बी.एम.पी.आर. दोन या नांवाच्या जनुकांत दोष असतो, हें सन २००० मध्यें उघडकीस आलें.

दंडावरच्या पट्ट्यानें न समजणारा हा दाब मोजावयाचा कसा, हा प्रश्न सहजच मनांत येईल. सन १९२९ मध्यें जर्मनींतील व्हेर्नर फोर्समन या तरुण डॉक्टरानें आपल्याच दंडाच्या शिरेंतून बारीक नळी हृदयापर्यंत सरकविली व त्या स्थितींत क्ष-किरणांचें चित्र काढून घेतलें. पुढें अमेरिकेंत कूर्नां व रिचर्ड्स यांनीं त्या नळीला नित्याच्या तपासणीचें साधन बनविलें, आणि तिघांना सन १९५६ चें नोबेल पारितोषिक मिळालें. आजही निश्चित निदान याच नळीनें होतें. मात्र संशय आहे कीं नाहीं हें ध्वनिलहरींच्या इको तपासणीनें, सुई न टोंचतां, समजूं शकतें. आणि ती सोय जिल्ह्याच्या शहरांतून आहे.

आतां नाशिककडे वळूं. शहराच्या पश्चिमेस व उत्तरेस पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, कळवण हे डोंगराळ तालुके आहेत. कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल इत्यादि आदिवासी जमातींची तेथें वस्ती आहे. महाराष्ट्रांत ज्या जिल्ह्यांच्या आदिवासी भागांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तरोग आढळतो, त्यांत नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर यांच्याबरोबर नाशिकचेंही नांव येतें. विदर्भांत तर आदिवासींखेरीज इतर समाजांतही तो आहे. पुण्याचे डॉ. एस. एल. काटे यांनीं राज्यांतील आदिवासी वस्त्यांत जाऊन या रोगाच्या रक्ततपासण्या वर्षानुवर्षें केल्या. या रोगांत सांधे व हाडें असह्य दुखतात, पांडुरोग होतो, हें आतां पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु त्याच्या पोटीं फुप्फुसांतील दाबही वाढूं शकतो, ही गोष्ट सुशिक्षित घरांतही क्वचितच कोणी जाणतो.

सिकल म्हणजे विळा. सन १९१० मध्यें शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनीं ग्रेनाडा बेटावरून शिकावयास आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तांत विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी पाहिल्याचें प्रसिद्ध केलें. त्यामागचें कारण उलगडण्यास पुढें जवळजवळ अर्धें शतक लागलें. सन १९४९ मध्यें लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, दोष पेशीच्या आकारांत नसून तिच्यांतील हीमोग्लोबिन या प्रथिनांत आहे. नंतर केंब्रिज येथें व्हर्नन इन्ग्रॅम यांनीं त्या प्रथिनाचे तुकडे करून नेमकें स्थान शोधून काढलें. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. हीमोग्लोबिनच्या बीटा नांवाच्या माळेंत असे १४६ मणी असतात. त्यांतील सहावा मणी बदलला आहे. ग्लुटॅमिक आम्लाच्या जागीं व्हॅलिन बसलें आहे. एवढ्याच फरकामुळें प्राणवायु सोडतांच हे रेणु एकमेकांस चिकटून त्यांचे दोर वळतात, आणि गोल, लवचिक पेशीचा ताठ विळा होतो.

असा विळा बारीक वाहिनींत अडकतो हें तर झालेंच. शिवाय तो लवकर फुटतो. पेशी फुटली कीं तिच्यांतील हीमोग्लोबिन उघडें पडून रक्तद्रवांत मिसळतें. आपल्या वाहिन्यांच्या आंतील अस्तर नायट्रिक ऑक्साइड नांवाचा वायु अत्यल्प प्रमाणांत सतत निर्माण करीत असतें, आणि त्यायोगें वाहिन्या सैल राहतात. या शोधासंबंधीं फर्चगॉट, इग्नारो व मुराद या तिघांना सन १९९८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. उघडें पडलेलें हीमोग्लोबिन हा वायु शोषून नाहींसा करतें. सैल ठेवणारा निघून गेला, आवळणारे मागें राहिले, अशी फुप्फुसांतील वाहिन्यांची स्थिति होते. फ्रान्समध्यें ३९८ प्रौढ सिकलसेल रोग्यांची पाहणी करून सन २०११ मध्यें जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला त्याप्रमाणें, नळीनें निश्चित निदान केल्यावर सुमारें ६ टक्के रोग्यांत हा दाब वाढलेला निघाला. प्रमाण लहान वाटेल; परंतु ज्यांच्यांत तो वाढतो त्यांचें आयुष्य पुष्कळच धोक्यांत येतें.

वाहिन्या आवळणारे व सैल करणारे हे जे शरीरांतील कारभारी, त्यांत पेप्टाइडांचा वर्ग मोठा आहे. प्रथिनाची माळ लांब. पेप्टाइड म्हणजे तशीच पण आंखूड माळ. मधुमेहामुळें घरोघरीं परिचित झालेलें इन्सुलिन हें ५१ मण्यांचें. अशीं द्रव्यें निरोप्याचें काम करतात. शरीराच्या एका भागांत तीं निर्माण होतात, दुसऱ्या भागांतील पेशीवर त्यांच्या मापाचें जणूं कुलूप असतें, आणि हीं किल्लीप्रमाणें त्यांत बसून पेशीला हुकूम देतात. कामाच्या मानानें त्यांचें प्रमाण आश्चर्य वाटावें इतकें थोडें असतें.

आवळणाऱ्या निरोप्यांत अग्रेसर एंडोथेलिन होय. सन १९८८ मध्यें जपानमधील त्सुकुबा विद्यापीठांत मासाशी यानागिसावा व त्यांचे सहकारी यांनीं डुकराच्या महाधमनीच्या अस्तरांतील पेशींपासून हें २१ मण्यांचें पेप्टाइड वेगळें केलें. विशेष असें कीं, इस्रायलमधील जमिनींत बिळें करून राहणाऱ्या एका विषारी सापाच्या विषांत जवळजवळ तशीच माळ सांपडली. जें द्रव्य साप भक्ष्यावर सोडतो त्याचें भावंड आपल्या धमन्यांच्या अस्तरांत नांदत असतें. प्रश्न केवळ मात्रेचा आहे. एंडोथेलिन ज्या कुलपांत बसतें तें कुलूप आधींच अडवून ठेवावें, या कल्पनेंतून बोसेंटान हें पोटांत घेण्याचें औषध निघालें, आणि सन २००१ मध्यें अमेरिकेंत फुप्फुसीय दाबावर त्यास मान्यता मिळाली. म्हणजे पेप्टाइडाच्या ज्ञानाचें पहिलें मोठें फळ पेप्टाइड देण्याचें नव्हे, तर त्याला अडविण्याचें होतें.

सैल करणाऱ्या निरोप्याचा शोध त्याहून जुना आहे. ईजिप्तमध्यें जन्मलेले डॉ. सामी सैद हे फुप्फुसांच्या अर्कांत वाहिन्या रुंद करणारें द्रव्य शोधीत होते. तें अखेर शुद्ध स्वरूपांत हातीं आलें डुकराच्या लहान आंतड्यांतून, स्टॉकहोम येथील व्हिक्टर मुट यांच्या सहकार्यानें, सन १९७० मध्यें. त्यांत २८ मणी आहेत. आंतड्यांत सांपडल्यामुळें त्याचें नांव व्हॅसोअ‍ॅक्टिव्ह इंटेस्टायनल पेप्टाइड असें पडलें, आणि आद्याक्षरांनीं त्यास व्ही.आय.पी. म्हणतात. या अक्षरांनीं आपल्याकडे बड्या असामीचा बोध होतो. येथें मात्र तीं एका अल्पायुषी सेवकाचीं आहेत, कारण रक्तांत शिरल्यावर हें पेप्टाइड अवघ्या मिनिटा-दोन मिनिटांत निम्में नाहींसें होतें. तेवढ्या वेळांत तें फुप्फुसांतील वाहिन्या व श्वासनलिका सैल करतें, आणि भिंतींतील स्नायुपेशींच्या वाढीलाही आळा घालतें. वाहिनी सैल करणें हें तात्पुरतें काम. वाढीला आळा घालणें हें प्रतिबंधाचें काम. संशोधकांचें लक्ष त्याकडे वेधलें गेलें तें यासाठींच.

प्रतिबंधाचे प्रयोग प्रथम प्राण्यांवर झाले, आणि त्यांत आपल्या ओळखीच्या एका वनस्पतिकुळाचा हात आहे. रानांत व बांधांवर उगवणारा खुळखुळा पुष्कळांनीं पाहिला असेल. वाळलेली शेंग हलविली कीं आंतील बियांचा आवाज होतो व मुलें तिच्याशीं खेळतात. ताग व खुळखुळा यांच्या या कुळांतील कांहीं जातींत मोनोक्रोटॅलिन नांवाचें विषारी द्रव्य असतें. तें उंदरास एकदां टोंचलें कीं तीनचार आठवड्यांत त्याच्या फुप्फुसांतील धमन्या जाड होतात व दाब चढतो. अशा रीतीनें रोग ठरल्या वेळीं उत्पन्न करतां येत असल्यामुळें, औषध आधीं देऊन रोग टळतो कीं काय हें पाहतां येतें. सैद यांच्या सहकाऱ्यांनीं सन २०११ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अशा प्रयोगांत व्ही.आय.पी. व बोसेंटान या दोहोंचा गुण आला, आणि दोन्ही एकत्र दिलीं असतां तो अधिक आला. त्यापूर्वीं सन २००७ मध्यें त्यांनीं दुसरी बाजू दाखविली होती. ज्या उंदरांत व्ही.आय.पी. निर्माण करणारें जनुकच काढून टाकलें होतें, त्यांच्या फुप्फुसांतील दाब कोणतेंही विष न देतां आपोआप वाढला. आणि बाहेरून पेप्टाइड दिल्यावर तो विकार कमी झाला. एका निरोप्याच्या गैरहजेरीनें रोग व्हावा व त्याच्या येण्यानें ओसरावा, हा पुरावा फार बोलका आहे.

माणसांवर पहिला महत्त्वाचा प्रयोग व्हिएन्नामध्यें झाला. सन २००३ मध्यें तेथील डॉक्टरांनीं आठ रोग्यांस हें पेप्टाइड तुषारांच्या रूपानें श्वासावाटे दिलें. फुप्फुसांतील दाब उतरला, रोग्यांची चालण्याची शक्ति वाढली, आणि सर्व शरीराचा रक्तदाब फारसा ढळला नाहीं. औषध शिरेंतून दिलें असतें तर दोन्ही दाब एकदम उतरून घेरी येण्याचा संभव. म्हणून श्वासाची वाट निवडण्यांत शहाणपण होतें. या वार्तेनें मोठ्या आशा उत्पन्न झाल्या. पुढें आठवड्यांतून एकदां टोंचावें असें दीर्घकाळ टिकणारें रूपही बनविण्यांत आलें व रोग्यांवर आजमावलें गेलें. परंतु यांपैकीं कोणतेंही रूप फुप्फुसीय दाबाच्या नित्योपचारांत पोंचलें नाहीं. निरोगी माणसाचा दाब वाढूं नये म्हणून द्यावें असें एकही पेप्टाइड आज वैद्यांच्या हातीं नाहीं.

उंदरांत जें साधलें तें माणसांत कां साधूं नये? याचीं कारणें समजून घेणें उपयोगी आहे. उंदराचा रोग तीन आठवड्यांचा. माणसाचा रोग दहा-वीस वर्षें गुपचूप वाढत आलेला. उंदराला रोग कोणत्या दिवशीं होणार हें प्रयोगकर्त्यास आधींच ठाऊक असतें. माणसाच्या बाबतींत धाप लागून तो डॉक्टरांकडे येईपर्यंत धमन्यांचें पुष्कळ नुकसान झालेलें असतें. पेप्टाइड पोटांत घ्यावें तर डाळीच्या प्रथिनाप्रमाणें जठरांत तें पचून जातें. टोंचावें तर काहीं मिनिटांत विरतें. आणि आठ माणसांवर दिसलेला गुण शेंकडों माणसांवर तसाच दिसेल ही खात्री कोणीच देऊं शकत नाहीं. विज्ञानांत आशा आणि सिद्धि यांच्यामध्यें हाच घाट आहे. तो ओलांडतांना बहुतेक औषधें मागें राहतात.

तथापि माळांच्या या मार्गानें एक यश पदरांत पडलें आहे. बी.एम.पी.आर. दोन या जनुकाच्या शोधानें असें ध्यानीं आलें कीं, धमनीच्या भिंतींत 'वाढ' व 'थांब' अशा दोन हुकुमांचा तोल असतो, आणि रोगांत 'थांब' हा हुकूम दुबळा पडतो. यावर सोटाटरसेप्ट नांवाचें औषध तयार झालें. तें आंखूड पेप्टाइड नव्हे, बरेंच मोठें घडविलेलें प्रथिन आहे; तें 'वाढ' म्हणणाऱ्या निरोप्यांना रक्तांतच पकडून ठेवतें. दर तीन आठवड्यांनीं तें टोंचावें लागतें. सन २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या चांचणींत, हें औषध घेणारे रोगी २४ आठवड्यांनंतर सहा मिनिटांत, न घेणाऱ्यांच्या मानानें, सुमारें ४० मीटर अधिक चालूं लागले. घरापासून कोपऱ्यापर्यंतचें हें अंतर निरोग्यास क्षुल्लक वाटेल. रोग्याच्या दृष्टीनें तें स्वतः उठून दार उघडण्याइतकें मोलाचें आहे. मार्च २०२४ मध्यें अमेरिकेंत त्यास मान्यता मिळाली. मात्र ज्यांचा रोग फुप्फुसीय धमन्यांतच सुरू होतो अशा विशिष्ट वर्गासाठीं ही मान्यता आहे, हें विसरतां कामा नये.

एका प्रकारच्या रोग्याचें औषध दुसऱ्या प्रकारच्या रोग्यास देण्यांत काय धोका असतो, याचा धडा सिकलसेलच्याच रोग्यांनीं जगाला दिला. सिल्डेनाफिल हें औषध नायट्रिक ऑक्साइडचा परिणाम टिकवून धरतें, आणि सन २००५ पासून फुप्फुसीय धमन्यांच्या दाबावर तें मान्य आहे. सिकलसेलमध्यें नेमका तोच वायु कमी पडतो. तेव्हां हें औषध तेथें रामबाण ठरेल, असा तर्क अगदीं सरळ होता. अमेरिका व इंग्लंड येथें ७४ रोग्यांवर चांचणी घेण्यांत आली. सन २००९ मध्यें ती मुदतीपूर्वींच बंद करावी लागली. कारण औषध घेणाऱ्यांस हाडें व सांधे यांच्या तीव्र वेदनांमुळें रुग्णालयांत दाखल करण्याचे प्रसंग, औषध न घेणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक आले. तर्क बिनचूक होता, पण रोग्याचें शरीर तर्काप्रमाणें वागलें नाहीं. चांचण्या कां घ्याव्या लागतात, आणि मान्यता नसलेलें औषध केवळ सयुक्तिक वाटतें म्हणून कां घेऊं नये, याचें याहून स्पष्ट उदाहरण सांपडणार नाहीं. हल्लीं निरनिराळ्या पेप्टाइडांच्या कुप्या शक्तिवर्धक म्हणून बाजारांत विकल्या जातात. वर वर्णिलेल्या संशोधनाशीं त्यांचा कांहीं संबंध नाहीं, हें येथें सांगून ठेवणें इष्ट होय.

मग आज हातीं काय आहे? नाशिकच्या डोंगरी तालुक्यांपुरतें बोलावयाचें तर, हातीं पुष्कळ आहे. पहिली गोष्ट रक्ताची तपासणी. थेंबभर रक्तावर होणाऱ्या साध्या द्राव्यता-चांचणीनें सिकल हीमोग्लोबिन आहे कीं नाहीं हें कळतें, आणि त्यापुढच्या तपासणीनें ती व्यक्ति रोगी आहे कीं केवळ वाहक आहे याचा निर्णय होतो. वाहक स्वतः बहुधा निरोगीच असतो. परंतु पति व पत्नी दोघेंही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याच्या बाबतींत चारांत एक या प्रमाणांत रोगाचा संभव असतो. ता. १ जुलै २०२३ रोजीं मध्यप्रदेशांतील शहडोल येथें केंद्र सरकारनें सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा आरंभ केला. सन २०४७ पर्यंत हा रोग हटविण्याचें तिचें उद्दिष्ट आहे, आणि आदिवासी भागांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी हा तिचा पाया आहे.

दुसरी गोष्ट हायड्रॉक्सियुरिया हें जुनें व स्वस्त औषध. गर्भावस्थेंत जें हीमोग्लोबिन असतें तें या औषधानें पुन्हां अधिक तयार होऊं लागतें, आणि विळे कमी बनतात. सन १९९५ मध्यें अमेरिकेंतील चांचणीनें सिद्ध झालें कीं, त्यामुळें वेदनांचे झटके जवळजवळ निम्म्यानें घटतात. फुप्फुसांतील दाबाचा धोका दिसूं लागलेल्या सिकलसेल रोग्यांस हेंच औषध द्यावें, असा सल्ला अमेरिकन थोरॅसिक सोसायटीनें सन २०१४ मध्यें दिला. तें डॉक्टरांच्या देखरेखीखालीं, वेळोवेळीं रक्त तपासूनच घ्यावें लागतें. म्हणजे येथें प्रतिबंधाची दिशा निराळी आहे. आवळलेली वाहिनी सैल करण्याऐवजीं, ती ज्यामुळें आवळते त्या पेशींचें फुटणें कमी करावयाचें.

इतर कारणांच्या बाबतींतही हेंच तत्त्व लागू पडतें. मुलाचा घसा वारंवार सुजत असेल तर डॉक्टरांकडून त्यावर पुरेसे दिवस पेनिसिलिन घेववावें. त्यानें झडपांचा रोग टळतो. हृदयाला छिद्र असल्याचें समजल्यावर मूल मोठें होऊं द्या, मग पाहूं, असें म्हणत बसूं नये. छिद्र बुजविण्याची वेळ एकदां निघून गेली कीं शस्त्रक्रियाही निरुपयोगी होते. स्वयंपाकघरांतील धूर बाहेर जाण्यास वाट असावी. हे उपाय साधे आहेत. वर्तमानपत्रांत त्यांचीं नांवें मोठ्या अक्षरांत येत नाहींत. पण आजवर जेवढा फुप्फुसीय दाब टळला आहे तो यांनींच टळला आहे.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांचा या सर्वांशीं काय संबंध, असें कोणी म्हणेल. सुरगाण्याहून वसतिगृहांत शिकावयास आलेला मुलगा आपल्या मुलांच्याच वर्गांत बसतो. पेठच्या बाजूची बाई आपल्या घरीं कामास येते. तेथील मजूर द्राक्षांच्या हंगामांत आपल्या मळ्यांत राबतात. ती मुलगी जिना चढतांना दम खाते, तिचे डोळे पिवळसर दिसतात, दर पावसाळ्यांत तिचे सांधे धरतात. आणि दयाळू गृहिणी तिला लोहाच्या गोळ्या आणून देते. लोह कमी आहे असें तपासणीनें ठरल्यावांचून सिकलसेलच्या रोग्यास लोह देऊन उपयोग नाहीं. उलट शरीरांत तें अतिरिक्त सांचूं शकतें. त्या गोळ्यांऐवजीं तिला एकदां शासकीय रुग्णालयांत नेऊन रक्ताची तपासणी करविली, आणि धाप असेल तर इकोही करवून घेतला, तर तीच दया सार्थकीं लागेल.

पेप्टाइडांचे प्रयोग चालूं राहतील, आणि कदाचित् एखादे दिवशीं दमेकऱ्याच्या फवाऱ्याप्रमाणें ओढावयाचें प्रतिबंधक औषधही निघेल. त्या दिवसाचा लाभ घेण्यास रोग्याचें उजवें हृदय तोंपर्यंत शाबूत राहिलें पाहिजे, आणि तें शाबूत राखण्याचीं साधनें जिल्ह्याच्या रुग्णालयांत आजच उपलब्ध आहेत.